जबाबातले साडेसहा

पुंजाजी रायटर गेला तेव्हा गोदेच्या काठी जमलेल्या लोकांनी त्याचे गुण गायले. असा पोलीस पुन्हा होणे नाही, खोटं बोलणाऱ्याला नुसत्या कानाने ओळखायचा, वगैरे. मेल्या म्हशीला मणभर दूध, ही काही नवी गोष्ट नाही. कुणीतरी मलाही म्हणालं, नाथा, तू तर त्याचे डोळे होतास, बोल दोन शब्द. मी बोललो नाही. सरणापुढे उभं राहून खोटं बोलायची माझी तयारी नव्हती, आणि खरं बोलायची ती जागा नव्हती. म्हणून आता घरी बसून लिहितो आहे.

पुंजाजी मूळचा येवल्याचा. घरात पिढ्यान्‌पिढ्या पैठणीचा माग. ह्याचं बोट मागावर बसेना म्हणून बापाने पोलिसात घातला. अक्षर मोत्यासारखं, त्यामुळे लाठी हातात येण्याआधीच टाक आला. ठाण्यात बसून साक्षीदारांचे जबाब लिहून घेणारा हवालदार तो रायटर, आणि पुढे तेच त्याचं आडनाव झालं. ठेंगणा, गोरटेला, तपकिरीचा शौकीन. बोलायला इतका गोड की चोराने स्वतः होऊन चोरी सांगावी.

माझी-त्याची ओळख मात्र गोड प्रसंगी झाली नाही. सन एकतीसच्या जुलैत इगतपुरीपासून कोसभरावरच्या आमच्या गावात मंगळू नावाचा माणूस मेला. आवणीचे, भाताची रोपं लावायचे दिवस होते, चार दिवस सूर्य दिसला नव्हता. मंगळू पहाटे बैल घेऊन खाचरावर गेला, आणि सातच्या भोंग्याला, म्हणजे इगतपुरीच्या लोको शेडचा भोंगा वाजतो तेव्हा, त्याचा बैल एकटाच घरी परत आला. दुपारी रेल्वेच्या मोरीखाली, म्हणजे ओढ्यावरच्या लहान पुलाखाली, मंगळूचं प्रेत सापडलं. डोक्याला मागून घाव होता. आदल्या दिवशी बांधाच्या पाण्यावरून माझं आणि त्याचं कडाक्याचं भांडण झालं होतं, आणि ते सगळ्या शिवाराने ऐकलं होतं. झालं, फौजदाराने मला उचललं.

मी सांगत होतो की मी त्या सकाळी तापाने घरात पडून होतो, आठचा भोंगा झाल्यावर कुदळ घेऊन खाचरावर गेलो. पण आठपर्यंत मी घरातच होतो, याला साक्षीदार कोण? मला आईबाप नाहीत. विधवा चुलतीने, लंकाकाकीने, मला वाढवलं, आणि ती तर उजाडायच्या आत आवणीला गेलेली. फौजदार म्हणाला, तुला साडेसहाला मोरीवरून कुदळ घेऊन जाताना पाहिलेला माणूस आमच्याकडे आहे. कोण ते काही त्याने सांगितलं नाही.

अकरा दिवस मी इगतपुरीच्या ठाण्यात कोठडीत होतो. त्या अकरा दिवसांत माझ्याशी माणसासारखा बोलला तो एकटा तिथला रायटर, पुंजाजी. आपल्या डब्यातली अर्धी भाकरी द्यायचा, रात्री स्वतःची घोंगडी आत सरकवायचा. पुराव्याअभावी मला सोडलं, पण कागदात 'संशयित' म्हणून माझं नाव राहिलं, आणि गुन्हा न उलगडलेल्या प्रकरणांच्या बस्त्यात, कागदांच्या गाठोड्यात, जाऊन पडला. मंगळूच्या भावांनी निरोप धाडला की शिवेच्या आत पाय टाकलास तर तो परत जाणार नाही. काकीलाही बजावलं, नाथाच्या वाऱ्याला उभी राहिलीस तर खाचर लावू देणार नाही. ठरलेली सोयरीक मोडली. व्हर्नाक्युलर फायनलपर्यंत शिकलो होतो, तेवढ्या भांडवलावर मी नाशकाला आलो आणि कोर्टाबाहेरच्या लिंबाखाली लोकांचे अर्ज लिहून द्यायला बसलो. मला दुसरं काही नको होतं. त्या कागदातलं माझं नाव पुसलं जावं, आणि आपल्या घराच्या ओट्यावर मला उजळ माथ्याने बसता यावं, एवढंच.

चौतीस साली पुंजाजीची बदली नाशकाला झाली. एक दिवस माझ्या लिंबाखाली येऊन उभा राहिला आणि म्हणाला, जेवलास का रे नाथा? मला भरून आलं, खोटं कशाला सांगू. त्याच्या डोळ्यांत तोवर मोतीबिंदू उतरायला लागला होता. नव्या साहेबाने हुकूम काढला होता की जिल्ह्यातले जुने, न उलगडलेले गुन्हे पुन्हा वाचा, कुठल्या जबाबात खोट आहे ते काढा. काम पुंजाजीला मिळालं, पण त्याला वाचता येईना, आणि ते साहेबाला कळलं तर नोकरी जाणार. तेव्हा बस्ते तो गुपचूप घरी आणायचा आणि संध्याकाळी मी त्याला वाचून दाखवायचो. भद्रकालीजवळ त्याच्या दोन खोल्या होत्या. त्याची बायको चतुराबाई चहा करायची, आणि आम्ही मेलेल्या माणसांच्या गोष्टी वाचायचो.

आणि काय ऐकायचा तो! डोळे मिटून, चिमटीत तपकीर धरून. मध्येच बोट वर करायचा, की समजावं, इथे धागा तुटला. येवल्यातल्या एका रेशमाच्या चोरीत सात विणकरांचे जबाब होते. सहाव्याने सांगितलं, मी सव्वानऊला माग सोडला. पुंजाजी हसला. म्हणाला, विणकराच्या घरात घड्याळ असतं का? तो सांगेल, पदराची चार बोटं विणून झाली तेव्हा उठलो. ह्याच्या तोंडात घड्याळ कुणी घातलं ते शोधा. शोधलं, तर मालकाच्या कारकुनाने घातलेलं निघालं. तीन वर्षं पडून राहिलेली चोरी महिन्याभरात उलगडली आणि साहेबाने पुंजाजीची पाठ थोपटली.

दुसरं त्याचं म्हणणं असं की खरं बोलणारा अडखळतो. 'आधी बैल बांधला, नाय नाय, आधी पाणी प्यालो' असं मागे-पुढे करतो. शिकवलेला जबाब ओळंबा लावल्यासारखा सरळ येतो. आणि खऱ्या जबाबात कचरा असतो. पेठेकडच्या एका बाईने खुनाबद्दल सांगताना मध्येच कोंबडीला खोकला झाल्याचं सांगितलं होतं. फौजदार वैतागला होता, पण पुंजाजी म्हणाला, हीच खरी. निवडलेला तांदूळ दुकानात मिळतो, खळ्यावर नाही. हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की झोपेत म्हणेन. दोन वर्षांत आम्ही चार प्रकरणं उलगडली. नाव त्याचं झालं, मला त्याचं काही वाटलं नाही. मला एकच वाटायचं, की हा माणूस एक दिवस माझाही बस्ता सोडेल.

मी मागे लागलो. आज नको, तो बस्ता वर आहे. उद्या नको, साहेब दौऱ्यावर आहे. असं त्याने वर्षभर टोलवलं. मी समजायचो, जपतोय बिचारा, मला त्रास होईल म्हणून. शेवटी पस्तीसच्या पावसाळ्यात एकदाचा तो बस्ता घरी आला. मी वाचायला लागलो. पोलीसपाटलाचा, मंगळूच्या बायकोचा, दोन्ही भावांचा जबाब झाला. मग पाचवा आला. 'मी, लंकाबाई, वय सुमारे पन्नास, धंदा शेती. तारीख अठरा रोजी सकाळी साडेसहाच्या सुमारास मी आमच्या खाचरात असता, माझा पुतण्या नाथा हा हातात कुदळ घेऊन मोरीवरून जाताना मी पाहिला. नंतर काय झाले ते मला माहीत नाही.' खाली अंगठा.

मी पुन्हा वाचला. साडेसहा! माझ्या काकीला घड्याळाचा मोठा काटा कुठला, लहान कुठला, ते ठाऊक नव्हतं. जबाब ओळंब्यात होता, आणि कचऱ्याची काडी नव्हती त्यात. पुंजाजीने शिकवलेल्या सगळ्या खुणा एका जबाबात सापडाव्यात, आणि तो जबाब मला घास भरवणाऱ्या बाईचा असावा! मी म्हणालो, हवालदार, हिच्या तोंडात घड्याळ कुणी घातलं? पुंजाजीने चष्मा काढला, उपरण्याने पुसत बसला. मग म्हणाला, "असंच दिसतंय बाबा. माणसाचं काही सांगता येत नाही." मी गेलो की जमीन तिच्याकडे राहते, हेही मीच बोललो. त्याने नुसती मान हलवली.

काकी दरवर्षी नव्या तांदळाचं गाठोडं बाजारच्या गाडीवानाबरोबर धाडायची. त्या साली मी ते न सोडता परत पाठवलं. छत्तीसच्या दिवाळीनंतर ती स्वतः आली. कोर्टाबाहेर लिंबाखाली उभी, डोक्यावर तेच गाठोडं, पायांना धूळ. पुंजाजी शेजारच्या बाकावर बसला होता. ती म्हणाली, "नाथा, घरी चल. त्या दिशी गाडी..." मी तिला पुढे बोलू दिलं नाही. चार माणसांत तिला म्हणालो, माझ्या गळ्याला फास लावून तांदूळ काय देतेस, तुझ्या तोंडात घड्याळ कुणी घातलं ते आधी सांग. तिला काही कळेना. "कसलं घड्याळ रं? म्या पाह्यलं तेच सांगितलं," असं दोनदा म्हणाली. मग पदर तोंडाला लावून गेली. गाठोडं मी पक्षकारांच्या टांग्याखाली भिरकावलं. पुंजाजी बाकावरून उठला होता, आपल्या वहाणांकडे बघत उभा होता. मला म्हणाला, चल, चहा घेऊ.

सदतीसच्या श्रावणात काकी वारली. निरोप आला, पण मी गेलो नाही.

आता रहेमानचं सांगतो. अडतीसच्या उन्हाळ्यात कुबडी घेतलेला एक माणूस माझ्याकडे अर्ज लिहून घ्यायला आला. इगतपुरीच्या घाटात गँगमन होता, दरड कोसळून पाय गेला होता. सात वर्षं हमालांच्या पंगतीत बसून खातोय, म्हणाला, आता मला फाटकावर तरी बसवा असं लिहा. मी विचारलं, दरड कधी कोसळली? म्हणाला, अठरा जुलै एकतीस, पहाटे. मी ती तारीख लिहिली, आणि टाक तिथेच थांबला. ती तारीख मला माझ्या जन्मतारखेपेक्षा पाठ होती.

रहेमान बोलत होता. रूळ मोकळा करायला दोन तास गेले, सकाळची साडेसहाची पॅसेंजर बोगद्यापाशी अडकून पडली. ती आमच्या मोरीवरून गेली तेव्हा आठचा भोंगा होऊन गेला होता. मी विचारलं, हे नक्की? तो म्हणाला, "नक्की म्हंजे काय भाऊ, मी त्याच गाडीने हास्पिटलात गेलो. आन् आठ दिसांनी तुमच्यासारखाच एक लिहिणारा आला होता, तपकीर वढत. त्यानं बी हेच इचारलं, गाडी किती लेट होती."

काकी लिंबाखाली उभी राहून 'त्या दिशी गाडी' म्हणाली होती, ते मला तेव्हा आठवलं. रहेमानचा अर्ज पुरा करून मी सरळ भद्रकालीला गेलो.

पुंजाजी पेन्शनीत निघाला होता आणि आता त्याला काहीच दिसत नव्हतं. माझ्या पावलांवरून ओळखून म्हणाला, ये नाथा. मी उभ्यानेच विचारलं, काकीने जबाबात काय सांगितलं होतं? तो तपकीर चिमटीत घेत राहिला. मी म्हणालो, रहेमान गँगमन आला होता. मग त्याने तपकिरीची डबी खाली ठेवली, आणि डोळे मिटून, जसा तो दुसऱ्यांचे जबाब ऐकायचा तसा, बोलायला लागला. सात वर्षांपूर्वीचं एकेक अक्षर त्याला पाठ होतं.

"ती म्हणाली, माझ्या पायाला जळू लागली होती, ती काढत व्हते. नाय, आधी आवणीची जुडी खाली ठिवली, मग जळू काढली. तेवढ्यात गाडी गेली, खाचराचं पाणी हाललं. जळू टाकली आन् वर पाह्यलं तर मोरीवरून नाथा येतोय, कुदळ घेऊन. इरलं तिरकं झालं व्हतं, अर्धं डोकं भिजत व्हतं. म्या वरडले, मुडद्या, ताप हाय तर कशाला आलास."

एवढा कचरा होता माझ्या काकीच्या जबाबात. सगळा निवडून त्याने फेकून दिला होता. म्हणाला, साहेबाला घड्याळ लागतं, गाडी चालत नाही. सगळेच रायटर असं करतात. कोंबडं आरवलं की साडेचार लिहायचं, गुरं सुटली की सात, गाडी गेली की वेळापत्रक बघायचं. गाडी उशिरा होती हे मला आठ दिवसांनी कळलं. फौजदार म्हणाला, कागद वर गेलाय, आता खाडाखोड केलीस तर दोघांच्याही अंगावर येईल. तू सुटलास, तेव्हा मला वाटलं, चला, कुणाचं काही बिघडलं नाही.

म्हणजे पाच साक्षीदारांत मी खोटारडा शोधत राहिलो आणि खोटारडा सहावा होता, ज्याच्या हातात टाक होता. तरी मला वाटत होतं, भीतीपोटी केलं असेल. भीती मी समजू शकतो, मी अकरा दिवस कोठडीत काढले आहेत. मी विचारलं, मी तुम्हाला तो जबाब वाचून दाखवला, तेव्हा का नाही सांगितलं? काकी लिंबाखाली उभी होती, मी तिला नाही नाही ते बोललो, तेव्हा तुम्ही दोन हातांवर होतात.

चतुराबाई आतून दारात येऊन उभी राहिली होती. पुंजाजी तिला ऐकू जाऊ नये असं हळू बोलला, पण तिने ऐकलंच. "तू गावी गेला असतास. मग मला वाचून कोण दाखवणार होतं? साहेबाला कळलं असतं. आणि नाथा, तेवढंच नाही रे. तू रोज यायचास."

माझा हात उठला होता. आंधळ्यावर काय उगारायचा म्हणून खाली घेतला. त्याची घोंगडी, त्याची अर्धी भाकरी आठवली. ज्याला मी बापाच्या जागी बसवलं त्याने मला वाचायला ठेवून घेतलं होतं, लोक पिंजऱ्यात पोपट ठेवतात तसं. चतुराबाई रडत होती. तिला मी एवढंच म्हणालो, वहिनी, तुमचा चहा खरा होता. मग पिशवीतून कागद काढला आणि पुंजाजीचा जबाब लिहून घेतला, सगळा, तो जसा बोलला तसा, जळू आणि इरल्यासकट. त्याने सही केली ती ओळ सोडून खाली घसरली.

तो जबाब अर्जाला जोडून मी वर धाडला. तीन महिन्यांनी उत्तर आलं की सदर प्रकरणात नाथा याजवर संशय राहिलेला नाही. दोन ओळी आणि शिक्का. ते उत्तर खिशात घालून मी सात वर्षांनी गावच्या शिवेच्या आत पाय टाकला.

कुणी पाय तोडला नाही, आणि कुणी या बसा असंही म्हणालं नाही. मंगळूचा थोरला भाऊ समोरून आला आणि बाजूने निघून गेला. काकीच्या ओट्यावर शेजारची कुसाबाई भात पाखडत बसली होती. मी तिला कागद दाखवला, वाचून दाखवला. ती म्हणाली, गाडी उशिरा व्हती, म्हंजे काकीनं तुला आठानंतरच पाह्यलं, हे गावाला लय आधी कळलं. स्टेशनातल्या माणसांनीच सांगितलं. मंगळूचे भाऊ बी निवले. त्यांनीच तुझ्या काकीला नाशकाला धाडलं, जा, पोराला घेऊन ये म्हणून.

कुसाबाईने सूप खाली ठेवलं.

"ती मोकळ्या हातांनी माघारी आली. लोकांनी इचारलं, का नाय आला? ती म्हणाली, येनार नाय. मग गाव म्हणाला, आता तर बोलावलं तरी येत नाय, म्हंजे यानंच मारला आसंल. आमी बी तेच म्हणलो, नाथा. ती तेवढी मरेपर्यंत नाय म्हणत राह्यली."

मी त्या ओट्यावर बसलो. सात वर्षं मला तिथेच बसायचं होतं.